सोलकढीतला तुटलेला क

कोकणातल्या थळच्या बाजारातून समुद्राकडे जाताना डाव्या हाताला नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. त्यातल्या एका वाडीत दोन खोल्या पर्यटकांना राहायला देतात. ते घर चालवणाऱ्या काकूंचा एका सकाळी फोन आला. "अगं, आपली वेबसाईट कोरी झालीय. पांढरं पान दिसतंय नुसतं."

ही वेबसाईट २०११ सालची. काकूंच्या भाच्याने कॉलेजच्या सुट्टीत पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून बनवलेली. खोल्यांचं बुकिंग, जेवणाची यादी, समुद्रातल्या खांदेरी किल्ल्यावर जायची माहिती आणि थळच्या इतिहासाचं एक पान, एवढंच तिच्यात होतं. चौदा वर्षं तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही आणि ती चालत राहिली. २०२५ च्या जुलैत खांदेरी किल्ला मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि काकूंना वाटलं, आता लोक शोधत येतील. नेमकं त्यानंतर काही आठवड्यांत, जिथे ही वेबसाईट ठेवली होती त्यांनी जुनी पीएचपी बंद करून आठवी आवृत्ती चालू केली. तसं कळवणाऱ्या ईमेल आल्या होत्या, पण भाच्याच्या जुन्या पत्त्यावर. तो पत्ता आता कुणी उघडत नाही.

अशा वेबसाईटी महाराष्ट्रात गावोगाव आहेत. वाचनालयांच्या, देवस्थानांच्या, पतसंस्थांच्या, दिवाळी अंकांच्या. सगळ्यांवर कधी ना कधी हीच सकाळ येते. म्हणून त्या दुरुस्तीत काय काय निघालं ते सविस्तर लिहिते.

कोरं पान पाहून माणूस घाबरतो, पण बहुतेक वेळा आतलं काहीही पुसलं गेलेलं नसतं. प्रोग्राम मध्येच कोसळलेला असतो आणि कोसळण्याचं कारण पाहुण्यांना दिसू नये म्हणून सर्व्हर ते पडद्यावर दाखवत नाही, एका नोंदवहीत लिहून ठेवतो. तिला एरर लॉग म्हणतात. पहिलं काम ती वही उघडायचं. अनेक जण ती न उघडताच अंदाजाने फाइली बदलू लागतात, आणि दुपारपर्यंत मूळ बिघाड एक आणि आपण घातलेले चार अशी स्थिती होते. वही उघडली की सगळ्यात वरची चूक आधी वाचावी. पहिली फळी निसटली की पुढच्या पन्नास आपोआप निसटतात. त्या पन्नासांच्या मागे लागण्यात अर्थ नसतो.

तरी मी लगेच हात घातला नाही. थळच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढलेल्या दिसतात. फळ्या बदलायच्या, रंग लावायचा तो तेव्हाच. पाण्यातल्या होडीची फळी कुणी काढत नाही. चालत्या वेबसाईटचंही तसंच. आधी तिची पूर्ण नक्कल आपल्या संगणकावर उतरवायची, फाइली आणि डेटाबेस दोन्ही, आणि सगळे प्रयोग तिथे करायचे. इथे तर ते फारच गरजेचं होतं. भाच्याचा मूळ संगणक ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात भिजून गेला होता. त्या दिवशी वाडीतली झाडं पडली, छपराची कौलं उडाली. संगणकाचं दुःख करायला तेव्हा वेळ कुणाला होता? म्हणजे सर्व्हरवर होती तीच एकमेव प्रत. ती उतरवली, गिटमध्ये टाकली, म्हणजे प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहील आणि कुठल्याही टप्प्यावर मागे जाता येईल अशी सोय केली, आणि मग लॉगमधली पहिली ओळ हातात घेतली.

ओळ साधी होती: मायएसक्यूएल_कनेक्ट नावाचं फंक्शन अस्तित्वात नाही. डेटाबेसशी बोलायची ही जुनी पद्धत. २०१३ मध्ये पीएचपी ५.५ ने ती मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं, डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० ने ती काढूनच टाकली. मधली आवृत्ती सहावी कुठे गेली, असा प्रश्न पडेल. ती आलीच नाही. तिची गोष्ट पुढे सांगते, कारण तिचा मराठीशी थेट संबंध आहे. जुन्या नावाचंच एक बनावट फंक्शन लिहून आतून नवी पद्धत वापरायची, असा आडमार्ग आहे. तासाभरात काम होतं. मी तो घेतला नाही. जुन्या पद्धतीत पाहुण्याने फॉर्ममध्ये लिहिलेला मजकूर जसाच्या तसा डेटाबेसच्या आज्ञेत चिकटवलेला असे. कुणी नावाच्या रकान्यात नावाऐवजी आज्ञाच लिहिली तर डेटाबेस ती पाळायचा. नव्या पद्धतीत आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवता येतात. दोन दिवस जास्त गेले, पण ते भोक बुजलं.

मग पुढच्या ओळी. भाच्याने रांगेतला रकाना वाचताना नावाभोवती अवतरणचिन्हं दिली नव्हती. जुनी पीएचपी म्हणायची, 'असा शब्द मला माहीत नाही, पण तुला बहुधा हेच अक्षरशः हवं असेल', आणि पुढे जायची. आठवी थांबते. यादीतून एकेक वस्तू काढणारं ईच नावाचं फंक्शन आठव्या आवृत्तीत नाही. जिथे काहीच नाही तिथे 'किती आहेत' असं विचारलं तर जुनी शून्य सांगायची, आठवी तिथेच काम सोडून देते. हे सगळं ऐकून काकूंनी विचारलं, "म्हणजे नवीन जास्त बिघडलेली आहे का?" मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाचं मर्म त्या प्रश्नात आहे. चुका २०११ पासून तिथेच होत्या. जुनं सॉफ्टवेअर त्या पोटात घालत होतं, नवं तोंडावर सांगतं. आवृत्ती बदलताना जे निघतं ते बहुतेक आपलंच जुनं देणं असतं.

ओरडून सांगणाऱ्या चुका मात्र सोप्या. चार दिवसांत पानं दिसू लागली, लॉग स्वच्छ झाला, वेबसाईट पुन्हा चालू केली. शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी काकूंचा फोन: "एकही बुकिंग आलं नाही गं. आणि ते यंत्र दाखवतंय, सगळ्या खोल्या भरल्यात. इथे तर माणूस नाही."

लॉगमध्ये एक अक्षर नव्हतं. ही चूक शोधायला मला दुपार लागली. खोली भरली की त्या तारखेपुढे काकू पाहुण्यांची संख्या लिहायच्या, ४ किंवा २. रिकामी असेल तर भाच्याने त्यांना शून्य लिहायला सांगितलं होतं; पण काकू आपल्या सवयीने सरळ 'रिकामी' असा शब्द लिहायच्या. प्रोग्राम विचारायचा, हे शून्याइतकं आहे का? जुनी पीएचपी शब्दाची आकड्याशी तुलना करताना आधी शब्दाचा आकडा करायची, आणि ज्या शब्दात आकडाच नाही त्याचा आकडा शून्य धरायची. 'रिकामी' म्हणजे शून्य, शून्य म्हणजे खोली मोकळी. चौदा वर्षं उत्तर बरोबर येत होतं, आणि निव्वळ योगायोगाने येत होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० ने हा नियम उलटा केला: शब्द आकड्यासारखा नसेल तर आकड्यालाच शब्द मानून तुलना करायची. 'रिकामी' आणि '०' हे दोन वेगळे शब्द, म्हणून खोली भरलेली. नवा नियम जास्त शहाणा आहे यात शंका नाही. पण असा बदल कुठलीही सूचना न देता उत्तर फिरवतो. म्हणून पानं दिसू लागली यावर समाधान मानू नये. जुनी आणि नवी वेबसाईट शेजारी उघडून तीच तारीख, तीच खोली, तेच नाव दोन्हीकडे घालून उत्तरं ताडून पाहावीत. मी ते आधी केलं असतं तर काकूंचा शनिवार-रविवार बुडाला नसता.

याच शोधात आणखी एक ओळ सापडली. एक आकडा गुणिले ०.७५, शेजारी खुलाशाचा शब्द नाही. मला वाटलं, कधीतरी पावसाळ्यात दिलेली पंचवीस टक्के सूट असेल आणि काढायची राहिली असेल. खोडणार होते. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सूट कसली? तिथीची पाऊणपट ती! भरतीची वेळ." कोकणात कुणालाही विचारा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरती साधारण किती वाजता ते निघतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खांदेरीची होडी कधी सोयीची पडेल ते भाच्याने त्यावरून काढलं होतं. जुनं सगळं फेकून नव्याने लिहू या, असा सल्ला मला त्या आठवड्यात दोघांनी दिला होता. जुना प्रोग्राम कितीही गबाळा असो, त्यात घरातल्या माणसांचं शहाणपण मुरलेलं असतं, आणि ते कुठल्याही कागदावर नसतं. ओळ का आहे हे कळल्याशिवाय ती खोडू नये. मी तिथे आता मराठीत खुलासा लिहिला आहे.

इथवर प्रोग्रामचं झालं. माझा जीव अडकला होता तो मजकुरात. पहिल्यांदा पानं दिसली तेव्हा इंग्रजी नीट होतं, आणि मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या आणि शेपट्या लावलेली युरोपीय अक्षरं. थळ नाही, खांदेरी नाही, एक अक्षर वाचता येईना. काकू गप्पच झाल्या. त्यातला इतिहासाचा मजकूर त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलेला होता आणि ते आता नाहीत.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. संगणक अक्षरं ठेवत नाही, आकडे ठेवतो. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'थळ' म्हणजे दोन चिन्हं, सहा बाइट. पीएचपीला आजही साध्या फंक्शनने 'थळ'ची लांबी विचारली तर ती सहा सांगते. दोन हे उत्तर हवं असेल तर वेगळं फंक्शन वापरावं लागतं. पीएचपी ६ मध्ये हे मुळापासून सुधारायचं, भाषेच्या पोटातच युनिकोड आणायचं, असं ठरलं होतं. काम इतकं जड झालं की २०१० मध्ये ते सोडून दिलं आणि पाचानंतर थेट सातवी आली. ती सहावी झाली असती तर आपल्यासारख्यांचे कितीतरी रात्रींचे कष्ट वाचले असते, असं मला मनापासून वाटतं.

डेटाबेसची गोष्ट त्याहून नाजूक. त्या काळी मायएसक्यूएलमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर तक्ता लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय लिपीचा बने. भाच्याने काही सांगितलं नव्हतं. पीएचपी डेटाबेसशी बोलायची तेही लॅटिन-१ मध्ये. दोघांनाही मराठी कळत नव्हतं, पण दोघांची समजूत एकच होती, म्हणून बाइट जसेच्या तसे आत जात, जसेच्या तसे बाहेर येत, आणि ब्राउझर ते मराठी म्हणून वाचायचा. बंद लखोटा न उघडता पोचवावा तसं. मायएसक्यूएल ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून, ठरलेली लिपी बदलून यूटीएफ-८ झाली. आता डेटाबेसला तक्ता लॅटिन दिसतो आणि मागणारा यूटीएफ-८ वाला. तो प्रामाणिकपणे भाषांतर करायला बसतो: लखोटा फोडतो, तीन बाइटांचं एक देवनागरी चिन्ह त्याला तीन लॅटिन अक्षरं वाटतात, आणि तो ती तीन अक्षरं नीट जपून पाठवतो. टोप्या आणि शेपट्या तिथून येतात.

इथे एक धोका आहे आणि तो मी ठळकपणे सांगते. हे दिसताच तक्त्याची लिपी थेट यूटीएफ-८ करून टाकायची आज्ञा देण्याचा मोह होतो. ती आज्ञा तोच चुकीचा अनुवाद कायमचा लिहून ठेवते. नाही जमलं म्हणून तोच मजकूर पुन्हा लॅटिन मानून बदलला तर तीनाची आणखी अक्षरं होतात, आणि मूळ मजकूर दर खेपेला एक पायरी खोल जातो. मी पाहिलेल्या दोन वेबसाईटींचा मराठी मजकूर याच पद्धतीने गेला. योग्य वाट अशी की रकाना आधी 'हे अक्षर नाही, नुसते बाइट आहेत' असा घोषित करायचा, म्हणजे डेटाबेस भाषांतर करणं थांबवतो. मग तेच बाइट यूटीएफ-८ आहेत असं सांगायचं. एकही बाइट हलत नाही, फक्त लखोट्यावरचा पत्ता बरोबर होतो. यूटीएफ-८ च्या नावाने मायएसक्यूएलमध्ये दोन पर्याय मिळतात. शेवटी एमबी४ असलेला घ्यायचा, कारण दुसऱ्यात चार बाइटांची चिन्हं बसत नाहीत आणि पाहुण्यांच्या अभिप्रायातले जोडलेले हात चार बाइटांचे असतात.

नकलेवर हे केलं आणि इतिहासाचं पान उघडलं. पहिल्या ओळीत 'थळ' दिसलं. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पडद्याला हात लावला.

जेवणाच्या यादीवर मात्र दुरुस्ती अडली. एका ओळीवर डेटाबेस म्हणे, इथले बाइट धड अक्षर होत नाहीत. ती ओळ होती 'नारळाच्या दुधातली सोलकढी'. रकाना साठ अक्षरांचा होता, पण लॅटिन-१ मध्ये साठ अक्षरं म्हणजे साठच बाइट. मोजून पाहा: 'नारळाच्या'चे सत्तावीस, एक जागा, 'दुधातली'चे एकवीस, पुन्हा एक जागा, झाले पन्नास. 'सोल'चे नऊ, एकोणसाठ. उरला एक बाइट, आणि त्यात 'क'चा एक तृतीयांश हिस्सा. बाकी सगळं कापलं गेलेलं. म्हणजे २०११ पासून काकूंच्या यादीत सोलकढी कधी पूर्ण नव्हतीच. 'सोल' आणि पुढे प्रश्नचिन्हाची काळी चौकट, एवढंच पाहुण्यांना दिसत होतं, आणि ते तरी ती मागवत होते. जुनं मायएसक्यूएल जास्तीचा मजकूर मुकाट्याने छाटायचं. २०१५ च्या ५.७ पासून ते मुळातच कडक वागतं, मजकूर मावत नसेल तर घेतच नाही. पुन्हा तेच जुनं देणं. अशा तुटलेल्या ओळी शोधून हाताने पुऱ्या केल्या. सोलकढीसाठी कुणाला विचारावं लागलं नाही, बाकीच्या काकूंनी आठवून सांगितल्या.

इतिहासाच्या पानाचा एक तुकडा त्याहून जुना होता, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला. त्या काळी मराठी वृत्तपत्रंही अशाच फॉन्टवर चालत. त्यात साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की मजकूर गेला. त्याचं रूपांतर करणारा प्रोग्राम मिळतो, पण ते काम दिसतं तितकं सरळ नाही. 'किल्ला' टंकताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी, 'क' नंतर, कारण दिसते तशी. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे 'क' आधी. रफाराचं याच्या उलट.

आणि शेवटी ऱ्य. मजकूर स्वच्छ करताना मी न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाकणारी एक ओळ चालवली होती. जुन्या पद्धतीत 'ऱ्य' लिहायला 'र', हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरत. ते निघून गेलं आणि 'किनाऱ्यावर'चं झालं 'किनार्यावर', पानोपान. आता सगळे रफार बदलून 'ऱ्य' करावेत, तर 'दर्या'च्या होतात 'दऱ्या', समुद्राच्या जागी दरी. जेवणाच्या पानावर 'आमच्या आचाऱ्यांच्या हातचं' होतं, तिथे आचार्य स्वयंपाक करू लागले. हे कुठल्याही यंत्राने निवडता येत नाही. मराठी येणाऱ्या माणसाने वाचावं लागतं. सगळी पानं छापली. काकूंनी ओटीवर बसून लाल पेनाने दोन संध्याकाळी खुणा केल्या.

गिटमधल्या नोंदींचा इथे उपयोग झाला. ऱ्य नेमका कधी बिघडला ते मला आठवत नव्हतं आणि तोवर चाळीसेक बदल झाले होते. मधला बदल घ्यायचा, तिथे 'किनाऱ्यावर' ठीक आहे का पाहायचं, ठीक असेल तर पुढचा अर्धा, नसेल तर मागचा अर्धा. असं अर्धं-अर्धं करत गेलं की चाळीस बदलांत सहा फेऱ्यांत गुन्हेगार ओळ सापडते. गिटमध्ये यासाठी बायसेक्ट नावाची सोय तयार आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात.

वेबसाईट आता पीएचपी ८.३ वर आहे. पहिल्यासारखी एका उडीत नेली नाही. नकलेवर आधी ५.६, मग ७.४, मग ८.०, आणि मग ही. प्रत्येक पायरीवर लॉग रिकामा होईपर्यंत थांबून. मधल्या आवृत्त्या 'हे पुढे बंद होणार आहे' अशा सूचना देतात, उडी मारली की त्या ऐकूच येत नाहीत. ८.३ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत. काकूंनी ती तारीख विचारून घेतली. भिंतीवरचं कॅलेंडर तितकं पुढे जात नव्हतं, म्हणून हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, घरपट्टी आणि विम्याच्या तारखांच्या खाली, त्यांनी लिहून ठेवलं: वेबसाईट, ३१ डिसेंबर २०२७, आधी फोन करणे.